मारुतीच्या तांब्यातलं सरकार

रविवार, पौष महिना, सकाळचे साडेनऊ. जागा मारुतीच्या देवळासमोरचा ओटा. हजर: दादा, म्हणजे माझे वडील. माय. वरच्या वस्तीवरच्या रुखमामावशी. तांब्यातून चिठ्ठी काढायचा मान ज्यांचा, ते गुरवबाबा. पंचायतीवर बिनविरोध ठरलेले बाकीचे पाच सदस्य, पाचही पुरुष. गावातली साठ-सत्तर माणसं. ओट्याच्या खाली, चपलांच्या ढिगाजवळ, चार बाया. आणि मी, भोकरदनच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेली, हातात वही घेऊन. ही नोंद मी त्याच दिवशी त्याच वहीत केली होती, म्हणून आज जशीच्या तशी देता येते. गावाचं नाव देत नाही. भोकरदनहून धावड्याकडे जाताना लागणाऱ्या गावांपैकी एक, एवढं पुरे. तिथे माझे नातेवाईक अजून राहतात. त्यांची मला भीती वाटत नाही, पण त्यांच्याशी वाद घालण्याचा कंटाळा येतो.

आमच्या घराच्या पुढच्या पडवीत पिठाची गिरणी होती. सकाळी सातला पट्टा चढायचा आणि मग दुपारपर्यंत घरातलं प्रत्येक बोलणं ओरडून व्हायचं. आमच्या घरातली माणसं अजूनही मोठ्याने बोलतात, ते भांडखोर म्हणून नव्हे, गिरणीमुळे. पीठ सगळीकडे असायचं. उतरंडीवर, दादांच्या भुवयांवर, दुधावर आलेल्या सायीवर. गिरणी दादांच्या नावावर होती, चालवायची माय. ती दळणाच्या धारेखाली हात धरून पीठ जाड पडतंय की बारीक ते चिमटीत ओळखायची आणि न बघता चाक फिरवायची. दादा खुर्चीवर बसून पेपर वाचायचे आणि दळायला आलेल्यांना देशाची परिस्थिती समजावून सांगायचे. माझं काम नंबर लावण्याचं. कोणाचा डबा आधी आला, कोणाचा नंतर, कोणाची ज्वारी, कोणाची बाजरी, हे मी पाटीवर लिहून ठेवायची. सातवीत असल्यापासून. दादांच्या ओळखीचा कोणी मध्ये घुसायला लागला की मी पाटी त्याच्या पुढे धरायची. लोक हसायचे, "सुमनबाईचं कोर्ट" म्हणायचे, पण नंबर पाळायचे. रुखमामावशी वरच्या वस्तीवरून दीड कोस चालत यायच्या, डोक्यावर बाजरीचा डबा, मागे दोन-तीन मेंढ्या आपल्या आपण चालत आलेल्या. त्यांचा नंबर कधीही मागे पडला नाही. ही बढाई नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

कॉलेजात मला राज्यशास्त्र होतं आणि त्यात जगातल्या शासनपद्धतींची तुलना हा भाग होता. आमच्या मॅडमनी सांगितलं, नुसतं पाठ करू नका, तक्ता करा. तक्ता म्हटल्यावर मला आणखी काही सांगावं लागत नाही. जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून मी पिठाच्या खळीने एकाला एक चिकटवली आणि धान्याच्या कोठीवर अख्खी भिंत भरेल एवढा तक्ता लावला. उभे रकाने देशांचे: इंग्लंड, अमेरिका, स्वित्झर्लंड, चीन, अरबांकडची एक राजेशाही, जुनं ग्रीक नगर, भारत. आडव्या ओळी प्रश्नांच्या: राज्य कोणाचं. त्याला कोण बसवतं. तो उठत नसेल तर कोण उठवतं. त्याला जाब विचारणाऱ्याचं काय होतं. हे शेवटचे दोन प्रश्न पुस्तकात नव्हते, माझे होते. दादांना तक्ता फार आवडला. गिरणी बंद झाली की माणसांना आत बोलवायचे आणि काठीने एकेक देश दाखवायचे, जणू सगळे आमच्याच शिवारात आहेत.

"हे बघा चीन. एकच पक्ष. कटकट न्हाई, सभा न्हाई, खर्चा न्हाई."

"आन् जाब विचारला तर?" कोणीतरी ओळीवर बोट ठेवून विचारायचं.

"मंग आत. पन काम जल्दी होतं का न्हाई?"

सगळे मान हलवायचे. मला तेव्हा ते विनोदी वाटायचं. आता वाटत नाही. आज दादा ऐंशीच्या पुढे आहेत, समोर मोठा टीव्ही आहे आणि तेच वाक्य ते मोबाइलवर आलेल्या व्हिडिओच्या जोरावर बोलतात. ज्या माणसाला स्वतःच्या गावात पाच वर्षं कोणी प्रश्न विचारलेला चालला नाही, तो जगातला कोणता देश जास्त चांगला चालतो यावर निकाल देतो आणि समोर बसलेली माणसं चहा पीत ऐकतात. मला त्या चहाचीसुद्धा शिसारी येते.

जुन्या ग्रीक नगराचा रकाना मला सगळ्यांत आवडता होता. तिथे बरीचशी अधिकाराची पदं चिठ्ठी टाकून भरायचे, हे वाचून मला फार मजा वाटली होती. पैसा नाही, भाषण नाही, कोणाच्या घरचा कोण हा प्रश्न नाही. एका संध्याकाळी जेवताना मी हे दादांना सांगितलं. येसराची आमटी होती, बाजरीची भाकरी कुस्करलेली होती. दादांचा घास हातात थांबला. "चिठ्ठी? एवढ्या मोठ्या मान्सायनी?" मी हो म्हटलं. "आन् लोक मानायचे?" मी म्हटलं, मानायचे, कारण त्यात कोणाचा हात नसतो. दादांनी घास खाल्ला आणि पुन्हा एकदा विचारलं, "बिलकुल मानायचे?" हा प्रश्न त्यांनी दोनदा का विचारला, हे मला समजायला हवं होतं. मी फक्त एवढंच पाहिलं की दादांना माझा अभ्यास आवडतोय.

त्या खेपेला सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं होतं. गावाने सातही सदस्य बिनविरोध ठरवले, त्यात बाया दोन: माय आणि रुखमामावशी. दोघींतली एक सरपंच होणार. मायने कधी तशी इच्छा बोलून दाखवली नव्हती. रुखमामावशींनी दाखवली होती, स्पष्ट आणि सगळ्यांसमोर. वरच्या वस्तीवर तीस घरं होती आणि नळ एकही नव्हता. बाया ओढ्यात खड्डे करून वाटीने पाणी भरायच्या. पाइपलाइन मंजूर व्हायची होती आणि ती कोणत्या बाजूने न्यायची हे सरपंचाच्या ठरावावर होतं. सदस्यांत मतदान झालं असतं तर पाचांतले तीन मावशींच्या बाजूचे होते. हे दादांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. म्हणून दादांनी बैठकीत उभं राहून सांगितलं की मतदानाने गावात फूट पडते, आपण देवाला विचारू. गावात भंडाऱ्याचा यजमान ठरवायची अशीच रीत होती: दोन नावं, प्रत्येकाच्या पाच चिठ्ठ्या, तांब्यात टाकायच्या, गुरवबाबांनी तीन काढायच्या. ज्याच्या दोन, त्याचा कौल. एकदा निघाली तर योगायोग म्हणता येतो, म्हणून तीन.

मावशींना हे पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या दळायला आल्या आणि पट्टा उतरेपर्यंत थांबल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुमे, तू शिकलेली हायस. हे चिठ्ठीचं बराबर हाय का?"

मी त्यांना आत नेऊन तक्ता दाखवला. ग्रीक रकान्यावर बोट ठेवून सगळं समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं. त्यांच्या अंगाला मेंढीच्या लोकरीचा आणि धुराचा वास यायचा, तो मला आवडायचा. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"मंग तिकडं लबाडी कोन पकडत व्हतं?"

पुस्तकात ते नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, चिठ्ठ्या मी लिहिणार आहे."

त्या हसल्या. "मंग झालं. तुझ्या पाटीवर माझा नंबर कधी चुकला न्हाई." आणि डबा उचलून निघून गेल्या.

शनिवारी दुपारी मी वहीच्या पानांचे सारखे चौकोन कापले, पाचांवर कौसाबाई, म्हणजे मायचं नाव, पाचांवर रुखमाबाई लिहिलं आणि दहाही एकसारख्या चौघडी घातल्या. दादा म्हणाले, अजून दहा कागद कापून ठेव, ऐन वेळी खराब झाल्या तर पंचाईत. शहाणपणाची सूचना होती. मीही तेच केलं असतं. कापून दिले.

रविवारी सगळ्यांसमोर मी दहा चिठ्ठ्या मोजून आमच्या घरच्या पितळी तांब्यात टाकल्या. दादा आणि गुरवबाबा तांब्या देवाच्या पायाला लावायला गाभाऱ्यात गेले. गाभाऱ्याचं दार कमरेएवढं, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याला आतलं काही दिसत नाही. घंटा वाजली, नारळ फुटला, दोघं बाहेर आले. गुरवबाबांनी डोळे मिटून हात घातला. एका सदस्याने वाचलं, कौसाबाई. दुसरी, कौसाबाई. तिथेच निकाल लागला होता, पण रीत तिनाची. तिसरी, कौसाबाई. लोकांनी मारुतीचा जयघोष केला. गुलाल उधळला गेला आणि तो मायच्या भांगात, कानात, पदराच्या घडीत जाऊन बसला. ती अशी उभी होती की जणू कोणी तिला तिथे आणून ठेवलंय आणि न्यायला विसरलंय.

रुखमामावशी ओट्याच्या पायरीवर होत्या. "तिन्ही?" एवढंच म्हणाल्या. मग पुढे होऊन मायच्या कपाळाला कुंकू लावलं, मारुतीला हात जोडले आणि वस्तीच्या वाटेला लागल्या. बुंदीला थांबल्या नाहीत.

दादा गुलालात होते, म्हणून घरचा तांब्या परत न्यायचं काम माझ्याकडे आलं. भांडं मोजून नेणं आणि मोजून आणणं हे माझ्या हाडात आहे. आत सात चिठ्ठ्या होत्या. वहीत चिकटवाव्या, मॅडमना दाखवाव्या, म्हणून घरी येऊन उंबऱ्यावर बसले आणि एकेक उलगडली. कौसाबाई. कौसाबाई. कौसाबाई. सातही. आणि एकही माझ्या अक्षरातली नव्हती. अक्षर मोठं, थरथरतं, शिरोरेघ उताराला लागल्यासारखी. ते अक्षर मी ओळखत होते. मायची शाळा तिसरीत सुटली होती आणि पुढे गिरणीच्या पाटीवर, दळण नसलेल्या दुपारी, तिला तिचं नाव लिहायला मी पुन्हा शिकवलं होतं. मी लिहिलेल्या दहा कुठे गेल्या ते मला कधी कळलं नाही. देवळातल्या धुनीत गेल्या असाव्यात. तोंडात बुंदीचा घास होता. तो गिळवेना आणि थुंकवेना. तुपाचा थर टाळूला चिकटून राहिला. आजही लग्नात माझ्या पानात बुंदी वाढली की मी ती शेजारच्या पानात टाकते. लोकांना वाटतं मला साखरेचा त्रास आहे.

माय मागच्या दारी कानातला गुलाल धूत होती. मी चिठ्ठ्या पुढे धरल्या. तिने पाहिल्या आणि पाण्याचा हात पदराला पुसला.

"तुझ्या दादायनी लिव्हायला सांगितलं, लिव्हल्या. मला वाटलं तुला ठाऊक हाय. कागद तर तूच कापून दिल्ते."

"मी खराब झाल्या तर म्हणून दिले होते."

"मंग मला काय म्हाईत." तिने कानातला उरलेला गुलाल पदराच्या टोकाने पुसला. "आन् खरं सांगू का सुमे, मला बी वाटलं, व्हऊन पाहू एकदा. तुझ्या दादायनी जलमभर मला काई इच्यारलं न्हाई. आता सही तरी मागावी लागंल."

तिची ती इच्छा खोटी नव्हती, एवढंच त्या दिवसातलं खरं होतं, आणि तीही कामाला आली नाही. पंचायतीच्या खुर्चीवर पाच वर्षं दादा बसले. सह्यांचे कागद शिपाई घरी आणायचा. माय गिरणी थांबवायची, पिठाचा हात झटकायची, सही करायची आणि पट्टा पुन्हा चढवायची. कागदावर काय आहे ते तिला कोणी वाचून दाखवलं नाही. मी वाचून दाखवायला लागले तेव्हा दादांनी कागद दुपारी, मी कॉलेजात असताना आणायची व्यवस्था केली.

दादांना मी त्याच संध्याकाळी विचारलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते खूश होते, काठी घेऊन तक्त्यापुढे उभे राहिले.

"इंग्लंडच्या गादीवर कोन बसवतं? पोटी जलमला, बसला. चीनमधी? आतल्या आत ठरलं, बसला. अरबाकडं? बापानं बसवलं. समदीकडं आधी ठरतं, मंग लोकायला सांगतेत. आपुन देवाच्या हातून सांगितलं, एवढाच फरक. तूच तर काढलं हे."

"मी असं नव्हतं काढलं."

"मंग दाखव, तुझ्या तक्त्यात कुठं लिव्हलंय की आधी तांब्या उलटा करून दाखवा?"

लिहिलं नव्हतं. राज्य कोणाचं, कोण बसवतं, कोण उठवतं, सगळं लिहिलं होतं. भांडं लोकांसमोर रिकामं करून दाखवायचं, ही ओळ नव्हती. गेली कित्येक वर्षं मी शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, जालन्यात, मस्तगडात राहते आणि जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत मला ड्यूटी लागते. मतदान सुरू होण्यापूर्वी यंत्रावर सगळ्यांना शून्य दाखवायचं असतं. पहाटेची वेळ, उमेदवारांचे प्रतिनिधी जांभया देत असतात, म्हणतात, "मॅडम, राहू द्या हो, तुमच्यावर भरवसा हाय." मी एकेकाला ओढून यंत्रापुढे उभं करते. माझे सहकारी मला खडूस म्हणतात. भरवसा हा शब्द ऐकला की माझ्या टाळूला तूप चिकटतं, हे त्यांना काय सांगणार.

तक्ता मी कॉलेजात दिला. त्याच्या शेवटी मॅडमच्या सांगण्यावरून आणखी एक रकाना जोडायचा होता: आपलं गाव. मी लिहिलं, "सरपंचपद चिठ्ठीने, परंपरेनुसार, सर्वसंमतीने." मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या, पहिला नंबर आला. मी त्या टाळ्या घेतल्या. दादांनी एकदाच खोटं केलं. मी ते शाई वापरून, समास आखून, सुवाच्य अक्षरात पुन्हा केलं. या प्रकरणात सगळ्यांत जास्त किळस मला कोणाची येते, असं कोणी विचारलं तर मला फार विचार करावा लागणार नाही.

त्या उन्हाळ्यात पाइपलाइन आली. ती खालच्या गावातून, आमच्या मळ्याच्या बांधाने गेली. वस्तीच्या बाया ओढ्यातच राहिल्या. मी एकदा धीर करून वस्तीवर गेले, सांगायचंच म्हणून. रुखमामावशींनी घोंगडी टाकली, शेळीच्या दुधाचा चहा दिला, तव्यावरची गरम भाकरी आणि लसणाचा ठेचा पुढे ठेवला. बाहेर एक पोरगी हंड्याला चुंबळ लावून चढण चढत होती.

"तू लिव्हल्या व्हत्या म्हनून मी मानलं," मावशी म्हणाल्या. "न्हाईतर मी मतदानच मागितलं असतं. पन देवानं एकदा न्हाई, तीनदा न्हाई म्हन्लं. मंग आपुन कोन?"

मी भाकरी खाल्ली. पूर्ण खाल्ली. परत आले.

त्यानंतर मावशी कोणत्याच निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. दोनदा लोक त्यांच्या दारात आले, दोनदा त्यांनी हात जोडले. त्यांच्या वस्तीला नळ पोचायला किती वर्षं लागली ते मी लिहिलं तर मला ते पुन्हा वाचावं लागेल. माय गेली. गुरवबाबा गेले. तांब्यात काय होतं हे ठाऊक असलेली आता दोनच माणसं आहेत, त्यातले दादा टीव्हीपुढे बसून कोणत्या देशाला कसा राजा पाहिजे ते सांगत असतात.

मागच्या आठवड्यात मावशींची सून सविता मला जालन्यात भेटली. औषधं घ्यायला आली होती. या खेपेला गावचं सरपंचपद पुन्हा बाईसाठी आहे, आता थेट मतदानाने. सविता बचतगट चालवते, बारावी शिकलेली आहे, हिशोबी आहे, बोलते नीट. वस्ती तिच्या मागे आहे आणि खालच्या गावातलेही बरेच. मी म्हटलं, भर अर्ज.

"भरायचाच व्हता ताई," ती म्हणाली. "पन सासूबाई न्हाई म्हनतेत. म्हनतेत, आपल्या घराला कौलच न्हाई, देवानं तीनदा सांगितलंय. त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेले न्हाई. तुमी समजवा ना, तुमचं ऐकतेत त्या. तुमच्यावर लई भरवसा हाय त्यांचा."

अर्ज भरायला शनिवारपर्यंत मुदत आहे. जालन्याहून सकाळची गाडी पकडली तर अकराला वस्तीवर पोचता येतं. कागदपत्रांची यादी सविताला लिहून दिली, फोटो किती लागतील तेही सांगितलं, सूचक कोण घ्यावा तेही. मावशींना जे सांगायचं ते मात्र फोनवर सांगण्यासारखं नाही. आज बुधवार. मी अजून गेलेले नाही.